तीन चकत्यांचे आकडे

सकाळचे सात. व्हर्ना लिंडक्विस्टने तव्यावर दुसरा पॅनकेक घातला, नवऱ्याने, हार्लनने, वर्तमानपत्र उघडलं आणि मागच्या दारावर थाप पडली. दारात गस. जुनी घरं पाडायचा त्याचा धंदा. चिखलाचे बूट त्याने शहाण्यासारखे पायरीवरच काढले.

"व्हर्ना, टिलमनचं रिकामं घर आज पाडतोय. स्वयंपाकघरातला वॉलपेपर निघाला आणि खालून तुझ्या त्या रेडिओच्या पोस्टरांतली एक बाई डोकावली."

"झालं! गेला माझा नाश्ता," हार्लन म्हणाला.

"हात आहेत ना तुला? उलट तो पॅनकेक." बोलता बोलता तिने कोट चढवलासुद्धा.

अठ्ठावीस वर्षं व्हर्ना जुन्या रेडिओंच्या जाहिरातींची पोस्टरं जमवते आहे. त्रेपन्न झालीत. सगळी दुकानांच्या माळ्यांवरून आलेली, कोरी करकरीत. त्यातल्या एकाखालीही बसून कुणी रेडिओ ऐकलेला नाही, ही तिची खंत.

टिलमनच्या भिंतीवर हिरव्या झग्यातली बाई तीन चकत्यांच्या रेडिओपुढे बसली होती. पण व्हर्नाची नजर खिळली ती कडेच्या कोऱ्या पट्टीवर. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "डेस मॉइन, ४२-४५-४०, हवामान." खाली: "शिकागो, ६१-६३-५८, बुधवारी फिडलवादन." तेव्हा एक स्टेशन लावायला तिन्ही चकत्या नेमक्या आकड्यांवर आणाव्या लागत. कुणीतरी ते आकडे हाताशी, भिंतीवरच लिहून ठेवले होते.

"कड घाण झालीय गं. कापून टाक," गस म्हणाला.

"कडेसाठीच तर आलेय मी."

"मग ओढ की! दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत चिंध्या होतील. वरून पातळ कागद डकवायचा, तो रात्रभर वाळू द्यायचा, मग वाफेने खालची खळ सोडवायची."

"रात्रभर? यंत्र बाहेर उभंय, बाई. माणसं दहाला येतील."

"येऊ देत. कोठार पाडा, माडी पाडा, पलीकडच्या खोल्या पाडा. दिवसभराचं काम आहे तुम्हाला."

"आणि तू हटलीच नाहीस तर?"

"नाहीच हटणार."

गसने डोकं खाजवलं. व्हर्नाने कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि त्याच्याकडे वळली.

"गस, ही एक भिंत आणि तिच्यावरचं छप्पर उद्या दुपारपर्यंत राहू दे."