जात्यावरचं फ्रेंच

“एकाच आईच्या लेकी हायेत, वहिनी,” म्हणत शेजारचे भावजी बोटांवर मोजायचे, “फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज. सासरं येगळी, म्हणून बोलणं येगळं.” मी भाकरी थापता थापता विचारायची, “मग माहेरपणाला आपल्या औंढ्याला कधी येऊन राहिल्या?” यावर ते ठसका लागेस्तोवर हसायचे.

त्यांच्या वडिलांना घरात वकील हवा होता. भावजींनी हैदराबादच्या कॉलेजात बी.ए.ला फ्रेंच घेतलं. पारावरचे लोक टोकायचे, “फ्रेंच काहून हो? त्यानं काय पाऊस पडतो?” भावजी शांतपणे सांगायचे, “तिथं बी पडतो. बराबर आपल्यासारखाच, उशिरा.”

एका सुट्टीत प्रोफेसरांनी त्यांना गावाकडची गाणी फ्रेंचमध्ये करून आणायला सांगितली. भावजी कागद घेऊन आईपुढं बसले. त्या माउलीला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. मावशी म्हणाल्या, “अशी बसल्या बसल्या कशी सांगू? खुंटा धर.” जात्याबिगर ओवी सुचत नाही, एवढं बी.ए.ला शिकवत नसावेत. मग काय, धोतर खोचून गडी जात्यावर! तुम्ही पाहायला हवं होतं. पाण्याच्या निमित्तानं अख्ख्या गल्लीनं चकरा मारल्या. दोन्ही हात गुंतलेले, कागद राहिला बाजूला. मावशी गात आणि भावजी मनातल्या मनात त्याचं फ्रेंच करत. नंतर लिहून काढलं तेही फ्रेंचच.

अठ्ठेचाळीस साली मावशी हिवतापानं गेल्या. रझाकारांच्या त्या धामधुमीत गाड्यांचा भरवसा नव्हता. भावजी हैदराबादहून पोचले तेव्हा राख सावडूनही झाली होती.

दिवस झाल्यावर ते आमच्या ओसरीवर आले. “वहिनी, आईच्या ओव्या माझ्यापाशी फ्रेंचात हायेत. तिचे शब्द न्हाईत. एक बी न्हाई. तुमी तिच्यासंगं दळायच्या. सांगा की.”

मला मेलं काही म्हणता काही आठवेना. इतका जीव तुटला माझा त्यांच्याकडं बघून! दारात वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “जात्यावर बसा दोघं. मी हाये हितं.”

भावजींनी समोरून खुंटा धरला. मी ज्वारीची मूठ टाकली. चार फेरे झाले आणि ओव्या येऊ लागल्या. ओळखीची आली की भावजी मान हलवत. मग एक आली, जी भावजी गावात नसतानाच मावशी म्हणायच्या:

राघू माझा शिकतो गं, परमुलखाची बोली
सांजंच्याला कोन त्याला, वाढीत आसल पोळी

“ही मला म्हाईत नव्हती,” भावजी म्हणाले. मान खाली गेली ती वर आलीच नाही.

जात्यातली ज्वारी संपली. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. ते फिरवत राहिले, आणि सासूबाईंनीसुद्धा त्यांना थांबवलं नाही.