तेवढी एक नारिंगी

सुताच्या गिरणीत रंग जुळवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ‘पारखी’ म्हणत. रंगवलेली लड नमुन्याशेजारी धरायची आणि “चालेल” किंवा “परत बुडवा” म्हणायचं, एवढंच काम. पण त्यांच्या “चालेल”शिवाय गिरणीतून लड हलत नसे, आणि याची घमेंडही त्यांना काही कमी नव्हती.

हिवाळ्यात संध्याकाळी सुटले की पारखी पूर्वेला रोहिणीचा तारा शोधत. शिक्षिका असलेल्या लेकीने सांगितलं होतं, “बाबा, ती सूर्यापेक्षा कितीतरी मोठी, पण अंगाने त्याच्याहून थंड. म्हणून नारिंगी.” इतक्या लांबचा रंग कोण बिघडवणार? म्हणून डोळ्यांची परीक्षा तिच्यावरच. नारिंगी दिसली की स्वारी खूश, नजर शाबूत!

इथेच घोडं पेंड खात होतं. मोतीबिंदूने नजर पिवळी पडत गेली, तरी नारिंगी तारा नारिंगीच दिसणार! शेजारच्या कृत्तिकांच्या पांढऱ्या पुंजक्याकडे बघायचं त्यांना कधी सुचलंच नाही. शेवटी पिवळट सूत शुभ्र म्हणून गेलं आणि ढिगाने परत आलं. 

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काम राहणार की जाणार, हे आता त्या डोळ्यावर होतं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी लेक त्यांना गच्चीवर घेऊन गेली.

“रोहिणीचा तो रंग मोतीबिंदूचाच निघाला तर गं?”

“बघा तर आधी.”

जुन्या डोळ्याला सगळंच पिवळट. नव्या डोळ्याला कृत्तिका निळसर पांढऱ्या, लखलखीत, आणि रोहिणी जराशी फिकी, पण नारिंगीच. डॉक्टरबाई, लेक, रोहिणी, कुणाकुणाचे उपकार मानावेत ते त्यांना कळेना.

खाली येऊन लेकीने दिवा लावला. तिच्या अंगात स्वेटर होता. परत आलेल्या सुतातलंच थोडं आणून तिने तो विणला होता, आणि “शुभ्रच आहे, बाबा, उगाच परत पाठवलं,” असं ठणकावून सांगितलं होतं.

“अगं, हा तर चक्क पिवळा!”

“दिसला ना?” लेक हसता हसता रडायलाच लागली. “तुम्ही हे म्हणावं म्हणूनच घातला.”

पारख्यांनी बाही दिव्याखाली धरली, उलटसुलट करून पाहिली. “परत बुडवा” अगदी ओठांवर आलं होतं.

“चालेल,” ते म्हणाले.