माकणीच्या पाण्यावरचा कठडा

मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दादामियाँ शेख शिडाच्या होडीत गुडघे टेकून डाव्या कडेच्या तिसऱ्या खुंटाचे बोल्ट आवळत होते. होडी माकणीच्या धरणाच्या काठावर, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर चढवलेली होती. डिसेंबरची थंडी, हातातला पाना बर्फासारखा लागत होता. अकरा वाजता तपासणीस यायचे होते. तोवर कडेचे चार उभे पाइपचे खुंट, पुढच्या टोकाचा वळणदार कठडा आणि त्यांतून ओवलेली तार जागेवर बसून होडी पाण्यात उतरायला हवी होती.

होडी शंभुलिंग माळगे यांची. पंधरा वर्षं नौदलात काढून ते लोहाऱ्याकडच्या आपल्या गावी परतले. गाव त्यांना मेजर म्हणतं. नौदलात मेजर नसतो हे त्यांनी पहिली दोन वर्षं सांगून पाहिलं, मग नाद सोडला. एकवीस फुटांची ही जुनी होडी त्यांनी मुंबईहून ट्रकवर घालून आणली, ती आसपासच्या गावांतल्या शाळकरी मुलींना शीड शिकवायला. ऑक्टोबरच्या वादळात तिचा दोर तुटला आणि ती धरणाच्या दगडी पिचिंगवर आपटत राहिली. डाव्या कडेचे चारही खुंट वाकले, पुढचा कठडा चेपला. कठड्याशिवाय मुलींना होडीत बसवायला परवानगी नाही. आजची तपासणी हुकली तर पुढची मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये पाणी इतकं खाली जातं की होडी चिखलात रुतते. म्हणजे बारा मुलींचं हे वर्ष गेलंच.

मुंबईच्या कारागिरांनी होडीच परत पाठवा म्हणून सांगितलं होतं. शंभुलिंग सास्तूरला दादामियाँच्या वेल्डिंगच्या दुकानात आले ते नुसतं विचारून बघायला.

"जुनेच सरळ करून देता का, मिस्त्री?"

दादामियाँनी एक वाकलेला खुंट हातात घेऊन फिरवला. "सरळ व्हतील. पर जिथं मुडपलंय तिथंच परत मोडतील. नवे करू."

"होडीचं काम केलंय का कधी?"

"न्हाय. तुमी तरी हिकडं होडी बघितली व्हती का कधी, मेजर?"

काम तिथंच ठरलं.

दादामियाँ बावन्न वर्षांचे आहेत. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, गाडीची साटी, म्हणजे माल ठेवायची चौकट, दुरुस्त करायचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा दादामियाँ एकवीसचे होते. सास्तूर नव्यानं उभं राहत होतं, हाताला काम होतं. एका ठेकेदाराकडं ते वेल्डिंग शिकले. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे. त्या ठेकेदाराची एकच शिस्त होती: ओळंबा सोडल्याशिवाय काहीही उभं करायचं नाही. दादामियाँनी ती एकतीस वर्षं पाळली. गावात त्यांनी उभा केलेला एकही खांब तिरका नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, लोक सांगतात.

याच शिस्तीनं रविवारी घात केला. ट्रॉली काठाच्या उतारावर उभी होती, तिचं डावं चाक उजव्यापेक्षा वीतभर खाली. दादामियाँनी नेहमीप्रमाणे प्रत्येक खुंटाला ओळंबा लावला, पाइप अगदी सरळ उभा दिसला तसा बुडाच्या पट्टीला टाचून घेतला आणि दुकानात नेऊन आर्गनचं पक्कं वेल्डिंग केलं. सोमवारी सकाळी खुंट बसवून होडी पाण्यात ढकलली. पाण्यावर ती सपाट झाली आणि चारही खुंट एकदम आतल्या बाजूला कलले.

शंभुलिंगनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. "मिस्त्री, हे खुंट मला नमस्कार करत्यात का काय?"

"हसून घ्या. मग बोल्ट खोला," दादामियाँ म्हणाले. "चूक माझी हाय. घराला लावायचं ते होडीला लावलं."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. होडी पुन्हा ट्रॉलीवर चढवायला लावली आणि ओळंबा पिशवीत टाकला. त्यांना आठवत होती ती वडिलांकडं दुरुस्तीला येणारी बैलगाडी. सोडलेल्या बैलगाडीचं जू जमिनीला टेकलेलं असतं, साटी पुढं उतरलेली असते. अशा गाडीच्या कडेचे खुंट वडील ओळंब्यानं लावत नसत; चाकांमधला आडवा आख धरून, त्याला काटकोनी गुण्या लावून बसवत. गाडी कशीही उभी असो, आख तिचा तिला ठाऊक असतो.

होडीला आख नाही. दादामियाँनी डाव्या काठापासून समोरच्या उजव्या काठापर्यंत आडवी दोरी ताणली. तोच आख. दोरीला गुण्या लावून त्यांनी प्रत्येक खुंटाचा पत्र्याचा वेगळा फर्मा, म्हणजे साचा, कापला, कारण होडीचा पृष्ठभाग प्रत्येक ठिकाणी वेगळा उतरतो. मग पट्ट्यांवरून पाइप कापून काढले, तोंडं घासली आणि फर्म्याप्रमाणे पुन्हा जोडले. बोल्टांची भोकं तीच राहिली.

दुपारचा डबा घेऊन दुकानात आलेल्या खैरुनबींनी, त्यांच्या पत्नीनं, हे सगळं ऐकून घेतलं. "इतकी वर्षं लोकांच्या दाराला ओळंबा लावला," त्या म्हणाल्या, "आता तळ्याला लावायला गेला व्हता व्हय?"

"जेवू द्या," दादामियाँ म्हणाले.

मंगळवारी बसवताना त्यांनी आणखी एक बदल केला. जुन्या खुंटांखाली, होडीच्या आतून, नुसते वायसर होते. धक्का बसताच ते वर ओढले गेले होते. दादामियाँनी आतून चार मिलीमीटरच्या रुंद पट्ट्या घातल्या आणि भोकांत पाणी झिरपू नये म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. नऊ चाळीसला होडी पाण्यात गेली. शंभुलिंग मागच्या टोकाला बसले, एक डोळा मिटून त्यांनी खुंटांची रांग पाहिली, मग उजवीकडची जुनी रांग पाहिली.

"आता कसं?" दादामियाँनी विचारलं.

"आता सलामी देत्यात."

तपासणीस अकरा वीसला आले. त्यांनी जोड बोटानं चाचपले, आतल्या पट्ट्या टॉर्चनं पाहिल्या, तार ओढून पाहिली. "कुणी केलंय हे?"

"सास्तूरच्या मिस्त्रींनी."

"फाटकं बनवतात ते?"

"व्हय," दादामियाँ म्हणाले. "फाटकाला माणसं जास्त लटकत्यात."

तपासणीस हसले नाहीत. "मोठ्या माणसाचं पूर्ण वजन बाहेरच्या बाजूनं पडलं पाहिजे. एकेका खुंटावर."

शंभुलिंग उठले. दादामियाँनी त्यांना हातानं खाली बसवलं. "काम माझं हाय. वजन बी माझंच."

"पोहता येतंय का?" तपासणीसांनी विचारलं.

"न्हाय. जाकीट द्या."

जाकीट घालून त्यांनी पहिला खुंट दोन्ही हातांनी धरला, पाय होडीच्या काठावर रोवले आणि पाठ पाण्यावर झोकून दिली. अठ्ठ्याहत्तर किलो वजन. होडी डावीकडं झुकली, काठ पाण्यापासून हातभर राहिला. खुंट जागचा हलला नाही. तपासणीसांनी मनात दहा मोजले असावेत. मग दुसरा, तिसरा, चौथा. शेवटी पुढच्या कठड्यावर ते पोटावर पडून लोंबकळले. वर आल्यावर त्यांनी आधी बोल्टांवरून अंगठा फिरवला. पट्टीखालची लांबी कुठं फाटली नव्हती.

बारा वाजून पाच मिनिटांनी परवान्यावर सही झाली.

पहिली तुकडी सहा मुलींची आहे. ती उद्या, बुधवारी, सकाळी साडेसातला माकणीच्या काठावरून निघेल. सास्तूरचं दुकान नेहमीप्रमाणे साडेआठला उघडेल, आणि तिथलं पहिलं काम आहे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं फाळकं.