हिंके एकेचाळीसावीचा माज

एकतीस वर्षं हेस्सेलचा डावा हात गाईंच्या पोटात जात होता. फ्रीसलंडच्या त्या चार गावांत गाय भरवायची म्हणजे हेस्सेललाच बोलवायचं. आत हात घालून चाचपल्याशिवाय त्याने वीर्याची नळी कधी उचलली नाही. शेतकरी वैतागायचे, तो चाचपतच राहायचा.

पण यंदा सात वर्षांनी कालवे गोठले आणि या भल्या माणसाच्याही अंगात आलं. बर्फ धरला की इथे शाळा थांबतात, लग्नं थांबतात. गाई तेवढ्या थांबत नाहीत, म्हणून वीर्याची टाकी घसरगाडीवर बांधून तो स्केट्सवर निघाला. तिसऱ्या गावापाशी फोन वाजला. वोप्के शेतकऱ्याची गाय, हिंके एकेचाळीसावी, माजावर! माजावरची गाय येरझाऱ्या घालते; तिच्या गळ्यातल्या पट्ट्याने दोन तासांत अकरा हजार पावलं मोजून आपणहून निरोप धाडला होता.

हिंके दोनदा भरवूनही गाभ न धरता उलटली होती. तिसऱ्यांदा भरवल्यावर माजाचं नाव नाही, आणि बर्फाच्या पहिल्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरने गळ्यात स्केट्स अडकवून, घाईघाईत तपासून "रिकामी" म्हणून सांगितलं होतं. उद्या खाटकाचा ट्रक येणार होता. हिंकेंच्या घराण्यातली ही एकेचाळीसावी आणि शेवटची. तिच्या आज्या-पणज्यांचे फोटो वोप्केच्या बैठकीत त्याच्या आईबापांच्या वर लावलेले.

हेस्सेल चरफडत कालव्यावरून गोठ्याच्या मागच्या दारी आला. पाठोपाठ वोप्के धापा टाकत घसरत पोचला. हिंके निवांत बसून रवंथ करत होती.

"हिने टाकली अकरा हजार पावलं?"

वोप्केने कोटाचा खिसा चाचपला. पट्टा तिथेच होता. सकाळी सेल बदलायला काढला, तेवढ्यात कुणीतरी बर्फावरून हाक मारली, आणि तो खिशातच राहिला.

"म्हणजे माजावर तू आला होतास, गाढवा!"

"चूक झाली रे. पण आलायस तर भरव तिला. ट्रकवाल्याला थोपवायला काहीतरी हवं ना मला! दोन मिनिटांचं काम, मग दोघं जाऊ बर्फावर."

हेस्सेलने बाहेर पाहिलं. ऊन उतरत होतं, बर्फ चकाकत होता. त्याला फार मोह झाला.

"आधी तपासतो."

"मरू दे ते तपासणं!"

"माझी कंबर धर. पाय घसरतोय."

हिंकेला उठवून, शेणाने निसरड्या फरशीवर, स्केट्ससकट, वोप्केने कमरेला धरलेलं, असा हेस्सेलने हात घातला. आणि थांबला.

"वोप्के, भरवायची नाही हिला."

"संपली का रे?"

"गाभण आहे. तिसरा महिना. आत्ता नळी घातली असती तर वासरू गेलं असतं आपल्या हातून."

वोप्के खाली शेणातच बसला आणि ढसाढसा रडला. मग उठून हिंकेभोवती नाचायला लागला, स्केट्स खणाखण आपटत.

हेस्सेलच्या खिशात फोन वाजला. हिंके एकेचाळीसावी पुन्हा माजावर होती.