येते म्हणण्याचा गुन्हा

आपली बारावी जर्मन विद्यापीठाला पुरत नाही. मधे एक वर्ष श्टुडिएनकोलेग नावाच्या तयारीच्या कॉलेजात काढायचं, शेवटी परीक्षा द्यायची आणि त्यात पास झालं तरच प्रवेश. माझ्या शाखेत क्रिमिनॉलॉजी हा विषय होता. गुन्हा कशाला म्हणायचं, ते कोण ठरवतं, तक्रार कोण करतं, असलं सगळं. घरी हे कळल्यापासून आत्याने एकच धोशा लावला होता, "म्हणजे पोलिसात जाणार का तू?" नाही गं आत्या. दर फोनला तेच.

आमच्या क्रिमिनॉलॉजीच्या बाई त्याहून वरताण. गर्दीत पाकीट मारलं जातं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं मी एकदा वर्गात म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बेलेग?" बेलेग म्हणजे पुरावा. तुम्ही शिंकलात तरी या बाई पुरावा मागतील.

आणि अशात मीच आरोपी झाले.

डार्मश्टाटच्या आमच्या होस्टेलच्या वॉशिंग मशीनमध्ये माझे कपडे अडकले. दार उघडेना. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर म्हणाला, माझी वेळ संपली, सोमवारी बघू. "मग तोवर मी घालू काय?" तो म्हणाला, तो माझा प्रश्न नाही. आवाज चढले. पण भांडण झालं तरी निघताना नीट निघावं, असं माझ्या अंगात मुरलेलं. दारात थांबले, हसले, मान हलवली आणि म्हणाले, "इश कोमं वीडर." येते हं.

त्याने धमकीची तक्रार केली! परत येते, म्हणजे बघून घेते. ऑफिसातून बोलावणं आलं: खुलासा करा, नाहीतर खोली सोडा. परीक्षा तोंडावर, आणि या गावात वर्षाच्या मधे खोली मिळणं केवळ अशक्य. पत्ता नाही तर व्हिसाही वाढत नाही. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप.

ऑफिसातल्या बाई, हाउसमाइस्टर आणि मी. सोबत म्हणून आमच्या बाई आल्या होत्या. मी समजावलं, की आमच्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत. "गेला" म्हटलं की माणूस वारला. म्हणून "येते."

"पण ती हसत होती," हाउसमाइस्टर म्हणाला. म्हणजे हसणंही पुराव्यात जमा.

आता बाई मदत करतील म्हणून मी आशेने पाहिलं.

"बेलेग?" बाई म्हणाल्या.

माझं टाळकंच सटकलं. मी तिथल्या तिथे नाशिकला आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, घरातून निघताना जाते का म्हणायचं नाही, सांग बरं."

"अगं बाई! जाते काय म्हणतेस? येते म्हण आधी!" आई इतकी कळवळून ओरडली, की हाउसमाइस्टरने खुर्ची मागे घेतली. "कुठे निघालीयेस तू? बरी आहेस ना?"

"साक्षीदार नात्यातला आहे," बाई पुटपुटल्या. पण पहिल्यांदाच हसल्या. ऑफिसातल्या बाईंना मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, आईचा आवाज मात्र कळला असावा. त्यांनी फाइल मिटली. खोली राहिली. "फक्त यापुढे असं बोलू नका," त्या म्हणाल्या. "लोकांचा गैरसमज होतो."

म्हणजे चूक शेवटी माझीच. पण खोली हवी होती. वाद घालायचं त्राणही नव्हतं. मी बॅग उचलली, दाराशी गेले आणि सवयीने वळले. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"इश गेहं दान," मी म्हणाले. जाते मी.

तिघांनी समाधानाने माना डोलावल्या. हाउसमाइस्टरने तर हातही हलवला.

हातातला फोन अजून चालूच होता.

"काय म्हणालीस गं त्यांना?" आईने विचारलं.

"येते म्हणाले," मी सांगितलं.