घोळीसाठी भावाशी उभा दावा

धक्क्यावरच्या शेडमध्ये मासे चिरणाऱ्या बायकांत आक्काच्या टेबलाशी गप्पा मारायला कुणी थांबत नसे. ती तुसडी नव्हती. पण तिची सुरी इतकी झरझर चालायची की बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यात राहत नसे. तीस वर्षं तिने घोळ मासा चिरला होता. ती नवीन होती तेव्हा घोळ टेबलावर मावायची नाही, शेपटी खाली लोंबायची. आता हातभर घोळ आली तरी लिलावाला झुंबड उडत होती, कारण तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात मागणी होती.

एका सकाळी आक्काने ओळीने चौदा घोळी चिरल्या आणि चौदाही गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेल्या निघाल्या. ती गाभोळी तिने बादलीत भरली, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात नेली आणि अध्यक्षांच्या टेबलावर उपडी केली. कागद भिजले. गर्भारशी मारतोय आपण, एवढंच तिने सांगितलं.

वर्षभर भांडणं झाली. शेवटी ठरलं, की खाडीच्या मुखाशी, जिथे घोळ अंडी घालायला येते, तिथे दोन महिने जाळं टाकायचं नाही. शिवाय तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरना अडवायला, तळावरचे कालवांचे थर वाचवायला, लोखंडी आकडे बसवलेले सिमेंटचे ठोकळे पाण्यात सोडायचे. ठोकळे कुठे आहेत याचा नकाशा प्रत्येक तांडेलाच्या, बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, हातात दिला गेला. त्यातला एक तांडेल आक्काचा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. नकाशाची घडी घालून त्याने खिशात कोंबली आणि हसला.

बंदीच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, त्याने मुखाशी जाळं ओढलं. जाळं ठोकळ्यात अडकलं. ट्रॉलर कलला. दोर तोडून मोकळं व्हायचं सोडून त्याने इंजिन आणखी रेटलं. पोलादी दोर तुटला आणि चाबकासारखा मागे आला. मागे उभ्या खलाशाचा उजवा पाय गुडघ्याखाली उडाला. हा खलाशी म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ.

खलाशाला धक्क्यावर आणलं तेव्हा आक्काने आपल्या एप्रनची नाडी ओढून त्याची मांडी आवळली. त्याचं रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं होतं. तो जगला. पाय गेला तो गेलाच.

दोन तासांनी धाकटा शेडमध्ये शिरला. हातात लोखंडी कांब होती.

"तुझ्या सिमेंटने पाय खाल्ला त्याचा," तो म्हणाला.

"नकाशा तुझ्या खिशात होता."

पहिला घाव टेबलावर बसला, बर्फ उडाला. दुसरा तिच्या जबड्यावर. बायका बाहेर पळाल्या. आक्का गुडघ्यांवर कोसळली, तोंडातून दोन दात फरशीवर पडले, आणि त्याने तिसऱ्यांदा कांब उचलली ती सरळ डोक्यासाठी. तिच्या उजव्या हातात सुरी तशीच होती. कुठे चिरलं की मूठ आपोआप सुटते हे तीस वर्षांत हाताला पाठ झालं होतं. तिने त्याच्या कोपराच्या खाली एकदाच सुरी ओढली. कांब खणखणत पडली. आपली बोटं मिटत का नाहीत ते बघत तो खालीच बसला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आक्काने त्याचा हात दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तिच्या जबड्यातून रक्त त्याच्या शर्टावर ठिबकत होतं.

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून पोलिसांना तिने लिहून दिलं: त्याने मला मारलं. मी त्याला चिरलं. बंदीत जाळं त्यानेच ओढलं. इन्स्पेक्टर भला माणूस होता. मधलं वाक्य खोडा, तुम्हालाच नडेल, असं त्याने सुचवलं. तिने नकारार्थी मान हलवली. कोर्टाने तिने केलेला वार जीव वाचवण्यासाठीचा मानला. धाकट्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

भावजय हॉस्पिटलात आली ती उभ्यानेच बोलली. "भाऊ लंगडा झाला, नवरा थोटा झाला. तुमचे मासे तेवढे धडधाकट राहू देत, वन्सं." मग तिने आक्काच्या सुजलेल्या गालावर थप्पड मारली आणि निघून गेली. नर्स धावत आली. आक्काने तिला हातानेच थांबवलं. त्या रात्री मात्र ती लहान पोरीसारखी रडली, आणि रडताना जबडा दुखतो म्हणून आणखी रडली.

जबडा वाकडा जुळला. चिराईचं काम सोडून ती सोसायटीच्या पहाऱ्याच्या बोटीवर गेली. पुढच्या मोसमात दुसऱ्या बंदरातले ट्रॉलर आले. दगड आले, पेटते बोळे आले. एकाने तर बोटीच्या कुशीतच धडक दिली. पहाऱ्यावरच्या एकाच्या फासळ्या मोडल्या. आक्काने लांब आकडीने समोरच्या माणसाची कपाळपट्टी फोडली आणि त्याचंही तिला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं. पण ठोकळ्यांच्या आत कुणी आलं नाही.

घोळ अंडी घालताना पाण्याखाली घुमते. वल्हं पाण्यात सोडून त्याच्या दांड्याला कान लावला की ऐकू येतं. पहिल्या वर्षी काहीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी एक दिवस.

तिसऱ्या मोसमाआधी तो एका पायाचा खलाशी बोटीवर काम मागायला आला.

"माफ करायला नाही आलोय," तो आक्काला म्हणाला. "बसून करायचं काम आहे म्हणून आलोय."

तिने त्याला इंजिनाजवळची जागा दिली. धाकटा सुटून आला होता. बहिणीशी बोलत नव्हता, मेव्हण्याशीही नाही. भावजय नवऱ्याचा आणि भावाचा डबा मात्र एकाच वेळी भरायची.

त्या वर्षी सलग नऊ दिवस घोळ घुमली. नवव्या दिवशी खलाशाने स्वतःहून वल्हं मागितलं, दांड्याला कान लावला आणि बराच वेळ तसाच बसला. तेवढ्यात मुखाकडे ट्रॉलर दिसला. त्याने वल्हं तिच्या हातात दिलं आणि इंजिनाची दोरी खेचली.