ठाणेदाराने मला आधी दिलेली बातमी

आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी धानोऱ्याहून नागपूरच्या एका लहानशा दैनिकाला बातम्या पाठवत असे. तिथला ठाणेदार मला पाण्यात पाहायचा. मोठ्या दैनिकाचा बातमीदार आला की त्याला खुर्ची, चहा आणि गुन्ह्याचं टिपण. मला बाहेरचा बाक. टपालाची मोटर सुटल्यावर शिपाई सांगायचा, "या जी, साहेब बोलावून राह्यले." मोटर गेल्यावर त्या बातमीचं मी काय लोणचं घालणार? पोलिसांनी सगळ्यांना सारखंच आणि एकाच वेळी सांगावं, असा अर्ज मी वर केला. तो चौकशीसाठी त्याच ठाणेदाराकडे आला. मग त्याने बाकही उचलून आत नेला.

एका उन्हाळ्यात जवळचा लाकडांचा डेपो जळाला. दुसऱ्या सकाळी शिपाई माझ्या दारात! ठाणेदाराने खुर्ची दिली, चहा मागवला. "तो मोठा बातमीदार चांद्याले गेला. आज तुमीच घ्या पहिले." शेजारच्या खेड्यातला एक गोंड त्याने पकडला होता. पायाला राख, कमरेला चकमक. सुडाने आग लावली, असं नावासकट टिपणात होतं.

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. मोहफुलं पडायच्या दिवसांत प्रत्येक घर आपल्या मोहाखालचा पाला जाळतं, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात. त्या दिवसांत त्या खेड्यात राख नसलेला एक पाय दाखवा! हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मोटर सुटायला अर्धा तास होता, आणि मोठ्या दैनिकाच्या आधी माझं छापून येणार होतं. मी लिहिलं, "आग लावणारा सापडला."

तीन आठवड्यांनी डेपोच्या चौकीदाराने कबूल केलं की ठिणगी त्याच्याच चुलीची होती. गोंड सुटला. मी ठाण्यावर गेलो, तर ठाणेदार हसला. "पकडलं, ते बातमी. सोडलं त्याची काय बातमी राह्यते?" मी खुलासा नागपूरला धाडला. संपादकाचं उत्तर आलं, पोलिसांचा दुजोरा पाठवा. दुजोरा देणार कोण? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खुलासा काही छापला गेला नाही. इकडे त्या माणसाला जंगलकामावर कुणी उभं करेना. आगलाव्या नको, म्हणून कंत्राटदार त्याला माझंच कात्रण दाखवत.

एका दुपारी तो माझ्याकडे आला. मी त्याला बसवलं आणि ठाणेदाराला मनसोक्त शिव्या घातल्या. तो कसा पक्षपाती, मला कसा ताटकळत ठेवतो, एकाची बाजू घेतो आणि दुसऱ्याला विचारतही नाही, सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"ठाणेदारानं तरी मले इचारलं जी," तो म्हणाला. "मारून इचारलं, पन इचारलं. तुमी तं तेबी नाई."